पाहुण्यांचं मोठं घर

“त्याला विचार, पाणी आत घेणारी नळी कोणती.”

नवरा कासवाच्या टाकीखालच्या कपाटात डोकं खुपसून बोलत होता, त्यामुळे आवाज हंड्यातून आल्यासारखा येत होता. ती फोन कानाला लावून त्याच्या मागे उभी होती. फोनवर दीर होता. त्याला प्रश्न सरळ ऐकू गेला होता, तरी तो गप्प राहिला. वहिनीच्या तोंडून आल्याशिवाय प्रश्न पोचला असं तो मानत नव्हता.

“भाऊजी, पाणी आत घेणारी नळी कोणती?”

दीर म्हणाला, टोकाला जाळी आहे ती, डोळे उघडून बघायला सांगा. तिनं सांगितलं, जाळीवाली. डोळ्यांचं तिनं गिळलं. सकाळपासून ती असं बरंच काही गिळत होती.

एरवी दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन घेण्याचंच तिचं काम. कुणाची दाढ ठणकते आहे, कुणाची कवळी हसताना निसटते आहे, सगळ्यांना आजच्या आज वेळ हवी. सुट्टीच्या दिवशी तरी कान रिकामा राहावा एवढीच तिची इच्छा असे. आणि आज दोन सख्ख्या भावांमध्ये ती तारेसारखी ताणून बसवलेली होती. एका टोकाहून निघालेलं दुसऱ्या टोकाला पोचवायचं, वाटेत त्याचे काटे काढायचे.

कासव दिराचं. दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा तो ते घेऊन आला होता आणि म्हणाला होता, वहिनी, आठ दिवस ठेवा, खोली मिळाली की नेतो. तेव्हा ते नाण्याएवढं होतं. खोली मिळाली, पण घरमालकाला प्राणी चालेना. दुसरी मिळाली, तिथंही तेच. आठ दिवसांची वर्षं झाली. तिनं कासवाचं नाव ठेवलं पाहुणे. पाहुणे खाऊन-पिऊन ताटलीएवढे झाले. जुन्या टाकीत वळायचं तर त्यांना पुढचे पाय काचेवर टेकून, अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यावी तसं सरकत यावं लागे. पाणी बदलायचं तिनं, काच घासायची तिनं, खाणं आणायचं तिनं. नवरा जाता-येता टाकीकडे बघायचा आणि एकच वाक्य बोलायचा, “सोडून ये एकदा कुठल्यातरी तळ्यात.”

आणि त्याच नवऱ्यानं, तिला न विचारता, ही नवी टाकी मागवली. दोन माणसांनी घामाघूम होऊन ती वर आणली. ती ठेवायला सोफा झोपायच्या खोलीत गेला, आणि आता रोज पलंगावर आडवं सरकत चढावं लागत होतं. हे अचानक काय सुचलं, असं तिनं विचारलं तर तो म्हणाला, “वळता येत नाही त्याला.” बस, एवढंच.

बरं, हौस आहे तर निदान करावं तरी नीट. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. केसाच्या जाडीचा फरक त्याला दिसायचा, पण घरात खिळा ठोकला की कॅलेंडर वाकडंच. त्यानं आधी टाकी अर्धी भरली आणि मग ती एका बाजूला कललेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. टाकीच्या पायाखाली पुठ्ठा सरकवायला निघाला तर दीर म्हणाला, पुठ्ठा भिजतो, टाकी आधी रिकामी करा. बादल्या-बादल्यांनी ती रिकामी झाली. मग खडे. नवऱ्यानं हौसेनं रंगीत, बारीक खडे आणले होते, तिनं ते चाळणीत घालून धुतले होते. दीर म्हणाला, बारीक खडे ते गिळतं, पोटात अडकतात. सगळे खडे पुन्हा वेचून काढले. तेवढ्या वेळात पाहुणे न्हाणीघरात टबात बसून मान लांब करून दाराकडे बघत होते.

“त्याला सांग, हे आधी सांगायचं होतं.”

“त्याला सांगा, आधी विचारायचं होतं.”

तिनं दोघांनाही काही सांगितलं नाही. खडे पिशवीत भरले.

हा अबोला सासऱ्यांच्या शेवटच्या आजारातला. रात्रीतून तब्येत बिघडली, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करायचं तर आत्ताच. धाकटा गाडीत होता, त्याचा फोन लागत नव्हता. नवऱ्यानं होकार दिला. सासरे परत शुद्धीवर आलेच नाहीत. धाकटा पोचला तो दवाखान्याच्या जिन्यातच, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, “तू मारलंस त्यांना.” तेव्हापासून नवऱ्यानं भावाचं नावही घेतलं नव्हतं. ‘तो’ म्हणायचा. तिकडून दीरही ‘तो’च म्हणायचा. कोण कोणत्या ‘तो’बद्दल बोलतं आहे हे फक्त तिला कळायचं.

टाकी पुन्हा भरली. पाणी गाळायचं यंत्र खालच्या कपाटात बसलं, नळ्या वर पाण्यात सोडल्या. बटण दाबलं तर यंत्र घशात काहीतरी अडकल्यासारखं गुरगुरलं आणि थांबलं. दीर म्हणाला, आत हवा अडकली आहे, उजव्या नळीचा छोटा कॉक फिरवायला सांगा, डाव्याला हात लावू नको म्हणावं.

“उजव्या नळीचा छोटा कॉक फिरवा. डाव्याला हात लावू नका,” ती म्हणाली. शब्दाला शब्द.

नवरा कपाटात मागच्या बाजूनं शिरलेला होता. त्याच्या उजव्या हाताला जी नळी होती, तिचा कॉक त्यानं फिरवला. नळी सटकन निसटली आणि पाण्याचा फवारा थेट त्याच्या चष्म्यावर बसला.

तिनं धावत जाऊन बटण बंद केलं. पाणी थांबेना. वरच्या टाकीतलं पाणी खाली यायला वीज लागत नाही, हे तिला त्या क्षणी, पायांशी ओल आल्यावर उमगलं. नवऱ्यानं दोन्ही हातांनी नळीचं तोंड दाबून धरलं होतं, बोटांच्या फटींतून पाणी येतच होतं. फोनवर दीर ओरडत होता, काय झालं, काय झालं. नवरा म्हणत होता, त्याला विचार आता काय करू. दीर म्हणत होता, त्याला विचारा कोणती फिरवली. नवरा म्हणाला, त्याला सांग उजवीच फिरवली. दीर म्हणाला, कोणाची उजवी, म्हणून विचारा.

मग पाण्यात गुडघे टेकून ती वाकली, फोन नवऱ्याच्या कानाशी धरला आणि त्याचा खांदा वर ढकलून तो मान आणि खांद्यात घट्ट बसवला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याला काही करता येईना.

“मी फडकं आणते,” ती म्हणाली. फडकं बाहेर जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेलं होतं.

जिन्यात ऊन होतं. फडकं उचलून ती परत वळली, पण दाराशीच थांबली. आतून काही आवाज नव्हता, फक्त पाण्याचा. मग नवऱ्याचा आवाज आला, बसलेला. “हां.” थोड्या वेळानं, “नाही, काळी. काळ्या टोकाची.” मग, “फिरवली.” पाण्याचा आवाज थांबला.

आता तो फोन खाली ठेवील, असं तिला वाटलं. त्यानं ठेवला नाही. बराच वेळ तो नुसताच ऐकत होता. मधेच एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. तो काहीतरी पुटपुटला, ते तिला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा प्रयत्न तिनं केला नाही.

मग तो जरा मोठ्यानं, सैल आवाजात बोलू लागला.

“अरे, तू उजवी म्हणालास, पण हिनं मला डावी सांगितली. मी काय करणार? हिचं नेहमीचंच आहे, अर्धं ऐकते आणि अर्धं स्वतःच्या मनचं घालते.”

पलीकडून दीर काहीतरी म्हणाला असावा, कारण नवरा हसला. “अगदी बरोबर बोललास,” तो म्हणाला. “सकाळपासून एक निरोप धड पोचवला असेल तर शपथ.”

तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तोंडात वाक्य तयार होतं, शब्दाला शब्द.

तिनं पाय बाहेर घेतला, जिन्याच्या पायरीवर बसली आणि कोरडं ठणठणीत फडकं पिळत राहिली.