विहाराची वाकडी खिडकी

मी विहाराची खिडकी बोलतेय. थांबा, चपला काढू नका. चपला दारासाठी काढायच्या. दाराला कुलूप असतं आणि त्याची चावी धर्मपाल गुरुजींच्या खिशात. मला कुलूप नाही. बाहेरून कुणीही यावं, माझ्या सळया धरून आत बघावं. म्हणून माझ्याकडे येणारी माणसं जरा वेगळी असतात. कुणाला घाई असते, कुणाच्या कडेवर रडकं लेकरू असतं, कुणाला चारचौघांत आत यायचं नसतं.

बोरी अरबच्या पलीकडे आमचं गाव आहे. गावाच्या टोकाला हा विहार. त्याच्या मूर्तीच्या खोलीत, मावळतीच्या भिंतीत मी आहे. खरं सांगायचं तर मी असायलाच नको होते. बाकीच्या खिडक्या बांधकामासोबत जन्मतात, मी भिंत फोडून जन्मले.

झालं असं, की विहाराचं काम तांड्यावरच्या प्रेमसिंग गवंड्याकडे दिलं होतं. हात फार चांगला. पण त्यानं आयुष्यभर मंदिरंच बांधलेली. सेवालाल महाराजांचं, जगदंबेचं, दोन-चार मारुतीची. विहार त्याचा पहिलाच. सवयीनं त्यानं मूर्तीच्या खोलीच्या तिन्ही भिंती बंद उचलल्या आणि वर गिलावाही करून टाकला. गुरुजी बघायला आले तर आत अंधार गुडूप.

"प्रेमसिंग, उजेड कुठून येईन?"

"देवाच्या खोलीत खिडकी कोन ठेवते जी? माणूस उन्हातून आत येते. आधी काहीच दिसत नाही. मंग हळूहळू दिव्यात तोंड दिसते. अंगावर काटा येते. अंधार नसन तं काटा कुठून येईन?"

"आमाले काटा नाही पाह्यजे. आमाले नीट दिसलं पाह्यजे. हा देव नाही, प्रेमसिंग. माणूस होता. झाडाखाली बसला होता, उघड्यावर. त्याले कोंडून ठेवतं कायले?"

प्रेमसिंगनं भिंतीवर हात फिरवला. "मंग इतक्या इटा कायले लावल्या जी? एक झाडच लावायचं होतं."

सगळे हसले. गुरुजीसुद्धा. पण भिंत फोडायची ठरलीच.

आता खिडकी कशी हवी? गुरुजींना लेण्यांत असते तशी पिंपळपानाच्या आकाराची हवी होती. मग नलूबाईंनी शेजारच्या पिंपळाचं एक पान तोडून आणलं. नलूबाई म्हणजे गावातल्या जुन्या उपासिका, वंदनेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी झटकणार. प्रेमसिंगनं ते पान समोर धरून कोळशानं भिंतीवर मोठं काढलं आणि छिन्नी चालवली. पानाचा शेंडा डावीकडे वळलेला होता, म्हणून माझाही वळला. बीम टाळायला त्यानं मला खाली घेतलं, म्हणून मी बुटकी झाले.

"वाकडी झाली ना बाप्पा," गुरुजी म्हणाले.

"पान कुठं सरळ असते जी?"

नलूबाईंनी मात्र वेगळंच बघितलं. "सळया जवळजवळ लाव रे भाऊ. लेकरं डोकं घालतात, मंग निघत नाही." माझ्याबद्दल एवढा कामाचा विचार तोवर कुणी केला नव्हता.

शेवटी मला एक जुनी फळी झडप म्हणून बसवली. तिचं बिजागर पहिल्या दिवसापासून करकरतं. उघडताना किर्रर्र, लावताना किर्रर्र. वंदना चालू असताना हमखास. "तेल टाका हो कोणी," असं प्रत्येक पौर्णिमेला कुणीतरी म्हणतं आणि घरी जाऊन विसरतं.

माझं काम सोपं. दुपार कलली की ऊन माझ्यातून आत येतं आणि फरशीवर एक वाकडं सोनेरी पान पडतं. ते सरकत सरकत मूर्तीच्या पायाशी जातं, तिथून मांडीवर, हातावर, आणि संध्याकाळी चेहऱ्यावर. बस. दिवसभरात मी एवढंच करते. माणसं मात्र त्याच्याकडे बघून काय काय म्हणतात! गुरुजी म्हणतात, हे ज्ञान. मोनाली कॉलेजात जाते, ती म्हणते, हा मस्त फोटो. प्रेमसिंग कधी इकडून गेला तर वाकून बघतो आणि पुटपुटतो, "काटा येते हं थोडासा." ज्याला जे दिसतं ते दिसू द्यावं.

आणि मी लेकरं मोजते. ही माझी खोड. मेणबत्तीजवळ कोण गेलं, ओल्या फरशीवर कोण धावतंय, कुणाच्या तोंडात फुलाचा देठ आहे. खिडकीला हात नसतात, नुसती धडधड असते.

त्यातलं एक लेकरू संघदीप. नलूबाईंचा नातू, तीन वर्षांचा. त्याची आई शीला, नलूबाईंची सून. पोरगं देखणं, गुटगुटीत, पण बोलत नव्हतं. एक शब्द नाही. हाक मारली तरी येत नसे, आपल्याच नादात. लोक म्हणत, हट्टी आहे. नलूबाई म्हणत, "त्याचा बापही उशिराच बोलला होता. आता चूप राह्यते का?" कुणी शीलेला म्हणे, अमक्या ठिकाणी नवस कर. कुणी म्हणे, गळ्यात दोरा बांध. नलूबाईंना ते खपत नव्हतं. "आपल्यात नवस नाही. मूर्ती मागाले नसते, पाहाले असते."

शीला ऐकून घेई. पण दुपारी, दार बंद असताना, ती पोराला कडेवर घेऊन माझ्यापाशी येई. झडप ढकले, किर्रर्र. सळयांना कपाळ टेकवी. आत मूर्ती, मांडीवर ऊन.

"मी मागत नाही जी," ती हळूच म्हणे. "मागू नये, मले मालूम आहे. मी नुसतं सांगून राह्यली. याचं काय करू?"

संघदीप मात्र माझ्या सळयांतून बोट घालून उन्हातली धूळ पकडायचा आणि आवाज न करता हसायचा.

मग यंदा माझ्यावर गदा आली. गावचा राजदीप पुसदला नोकरीला असतो. त्यानं विहाराला संगमरवरी मूर्ती द्यायचं कबूल केलं. मोठं मन त्याचं. पण अट घातली, खिडकी बुजवायची.

"लेण्यात गेलते का कधी?" तो सगळ्यांना विचारू लागला. "अंधार असते. वरून एक लाइट सोडला का फक्त चेहरा दिसते. माणूस आपोआप चूप होते. इथं पाहा, ऊन कुठंही पडते. आणि ते पान तं वाकडंच आहे."

गुरुजींचा चेहरा पडला. "अंधारात चूप होणं अन् समजून चूप होणं, यात फरक आहे, राजदीप."

"आधी चूप तं होऊ द्या, गुरुजी. समजणं मंग."

म्हटलं तर त्याचंही खोटं नव्हतं. ठरलं असं, की आधी बघू. पौर्णिमेला सगळे जमले की बाहेरून प्लायवूड ठोकायचं आणि कसं दिसतं ते पाहायचं. ठोकायला बोलावलं कोणाला? प्रेमसिंगलाच. मला फोडून काढणारा आता मला झाकायला आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "अव बाई, मी पहिलेच सांगत होतो, खिडकी नाही पाह्यजे. माहं कोणी ऐकते का?" पण पट्ट्या लावताना त्याचा हात जड होता.

आत सगळे सतरंजीवर बसलेले. संघदीप माझ्याकडे पाठ करून, फरशीवरच्या सोनेरी पानात झेंडूच्या पाकळ्या मांडत होता. शीला मागे भिंतीला टेकून.

प्रेमसिंगनं पट्टीवर पहिला ठोका घातला. धाडकन. मी हादरले, गिलावा सांडला. नलूबाईंनी "अगं माय!" म्हणून कानावर हात ठेवले. मोनालीच्या हातातला मोबाइल पडला. एक तान्हं लेकरू किंचाळून उठलं. दुसरा ठोका. तिसरा.

संघदीपनं पुढची पाकळी मांडली.

मग प्लायवूड आलं. पाकळ्यांवरचं ऊन गेलं. तसा तो गर्रकन वळला आणि थेट माझ्याकडे बघू लागला.

आत अंधार झाला होता. वरचा लाइट लावला, चेहरा खरंच सुंदर दिसत होता. "पाहा, आता पाहा!" राजदीप म्हणत होता. सगळे मूर्तीकडे बघत होते. एकटी शीला पोराकडे.

"प्रेमसिंग भाऊ," ती एकदम मोठ्यानं बोलली. तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "अजून एक ठोका मारा."

"आता कायले व? बसलं न ते."

"मारा म्हणते न!"

धाड. सगळे पुन्हा दचकले. पोरगं अंधारात माझ्या जागेकडे बघत तसंच बसलेलं.

"आई, तुमी दचकल्या," शीला नलूबाईंना म्हणाली. "सगळे दचकले. हा काहून नाही दचकला?"

नलूबाईंनी तोंड उघडलं. त्याच्या बापाचं सांगणार होत्या बहुतेक. सांगितलं नाही. गुरुजी उठले, पोराच्या पाठीमागे गेले आणि पितळेची थाळी वाजवली. काही नाही. त्यांची सावली पुढे सरकली तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं.

"हट्टी नाही हा," शीला म्हणाली. "याले ऐकूच येत नाही."

मग राजदीप दाराकडे धावला. "प्रेमसिंग, काढ ते प्लायवूड! पोराले दिसू तं दे!" आणि उजेड परत आला. संघदीप हसला आणि पाकळ्यांकडे वळला. शीला हुंदके देत होती आणि नलूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मूर्ती नुसती पाहत होती, रोजच्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी राजदीपच्या गाडीतून शीला आणि नलूबाई पोराला घेऊन यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तपासण्या झाल्या. फेऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आवाज अगदीच जात नाही असं नाही, कानाला मशीन लावून बघू. शिकवावं लागेल, वेळ लागेल.

संगमरवरी मूर्तीही आली. संध्याकाळी तिच्या अर्ध्याच चेहऱ्यावर ऊन पडतं आणि राजदीपचे फोटो बिघडतात. "एकदा ए.सी. बसवायचा ठरला का बुजवूच," असं तो अजून म्हणतो. त्याचं ते प्लायवूड माझ्याखालीच उभं आहे. पावसानं फुगलंय.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपार कललेली. शीला आली, कडेवर संघदीप, त्याच्या कानामागे नवं मशीन. तिनं नेहमीसारखी झडप ढकलली. किर्रर्र.

पोरगं दचकलं! असं दचकलं की आईच्या मानेला मिठी मारली. मग हळूच डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. हात लांबवला. झडप ओढली. किर्रर्र. ढकलली. किर्रर्र. त्याचे डोळे हे एवढे. मग ओठांचा चंबू करून, सगळा जोर लावून तो म्हणाला,

"कीर्र."

आई नाही, बाबा नाही. पहिला शब्द माझा. शीला हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. माझी झडपच हलत होती सारखी.

तर लोकहो, मला पुढेमागे बुजवायचं तर बुजवा. उजेड बरा की अंधार, ते तुमचं तुम्ही भांडून ठरवा. माझी एकच विनंती आहे. त्या पोराच्या तोंडात अजून चार शब्द येईपर्यंत माझ्या बिजागरात कुणी तेल घालू नका.