रिकाम्या चौरंगाचे फोटो

मंडळाची वेबसाइट माझ्यामुळे बंद पडली, असा मेल आमचे अध्यक्ष मनोहर यांनी सगळ्या सभासदांना पाठवला. नाव घेतलं नव्हतं. 'काही ज्येष्ठ सभासदांच्या मोठ्या ऑडिओ फाइल्समुळे सर्व्हरची डिस्क भरली आहे,' एवढंच लिहिलं होतं. अमेरिकेत हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात २००५ साली वेबसाइटवर ऑडिओ ठेवलेली ज्येष्ठ सभासद एकच होती, ती मी. मेल माझ्या सुनेनं, राधिकानं, वाचून दाखवला तेव्हा मी पोळ्या करत होते. त्यानंतरच्या पोळ्या कशा झाल्या ते माझ्या मुलाला विचारा. खाल्ल्या त्यानं बिचाऱ्यानं.

ती गाणी सुलभाची होती. वर्ध्याला तिचं आणि माझं घर लागून, मधे फक्त तारेचं कुंपण, आणि तेही एका ठिकाणी आम्ही दोघींनी येऊनजाऊन वाकवून ठेवलेलं. भाद्रपदातली पौर्णिमा आली की तिच्या ओसरीत भुलाबाई बसायची आणि पुढे कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी. सुलभा म्हणायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. माझा आवाज कावळ्याचा. मी सूर लावला की ती म्हणायची, "शुभे, तू आपली टाळ्या दे." मुलानं अमेरिकेतून टेपरेकॉर्डर पाठवला तेव्हा मी तिची सगळी गाणी भरून घेतली. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, तिच्या सासूचा खोकला आहे, आणि माझ्या टाळ्या आहेत. सुलभा आदल्या वर्षी वारली.

इकडे येताना त्या कॅसेट मी पर्समध्ये घालून आणल्या. बॅगेत टाकायचा धीर झाला नाही. मंडळाची वेबसाइट गिरीश सांभाळायचा. पुण्याचा मुलगा, दिवसा एका मोठ्या कंपनीत हेच काम करणारा. मंडळाचा सर्व्हर म्हणजे त्याच्या बेसमेंटमधला एक जुना कॉम्प्युटर. त्यानं हौसेनं गाणी कॅसेटवरून उतरवली, वेबसाइटवर ठेवली, आणि पुढे कधीतरी बेसमेंट आवरताना कॅसेट कचऱ्यात टाकल्या. मला न विचारता.

"काकू, आता डिजिटल झालंय ना सगळं," तो तेव्हा म्हणाला होता. "आता ती कुठे जाणार नाहीत."

मेल आला त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काकू, सॉरी. निम्मी गाणी डिलीट करावी लागली."

"करावी लागतील, की लागली?"

"लागली. साइट उघडतच नव्हती. कोजागिरीच्या प्रोग्रॅमचं रजिस्ट्रेशन अडलं होतं, मनोहरकाका सारखे फोन करत होते."

"माझ्याकडे दुसरी प्रत नाही, गिरीश. कॅसेट तू टाकल्यास."

 तो म्हणाला, "जुन्या लॅपटॉपवर असतील, बघतो." बघितलं, तर तो लॅपटॉप त्यानं पुसून कोणाला तरी देऊन टाकला होता.

मी त्या रात्री जेवले नाही. मुलगा समजूत घालायला आला, "आई, व्हॉलंटियर आहे तो," म्हणाला. मी म्हटलं, फुकट काम करणाऱ्याला दुसऱ्याची वस्तू फेकायची मुभा असते, हे मला वर्ध्यात कोणी शिकवलं नाही.

वेबसाइट चालू झाली. थोडे दिवस चालली. आणि पुन्हा बंद पडली.

या वेळी गिरीश स्वतः घरी आला. दारात बूट काढून स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. राधिका टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती.

"काकू, उरलेली पण काढावी लागतील. डिस्क पुन्हा फुल झाली."

मी गॅस बंद केला. "निम्मी काढलीस तेव्हा जागा झाली होती ना?"

"झाली होती."

"मग ती कोणी खाल्ली?"

"काकू, ऑडिओ फाइल्स मोठ्या असतात."

"मोठ्या असतील. वाढतात का? सुलभा गेली, गिरीश. ती नवीन गाणी कुठून म्हणणार?"

 राधिकानं लॅपटॉप मिटला. "तू बघितलंस का रे, नक्की कुठला फोल्डर वाढतोय ते?"

"अगं, ऑब्व्हियस आहे. बाकी साइटवर आहे काय? नुसता टेक्स्ट आणि पिकनिकचे फोटो."

"म्हणजे बघितलं नाहीस."

भुलाबाईची गाणी संपली की आमच्याकडे खिरापत ओळखायची असते. ज्या घरची खिरापत, ती बाई बंद डबा कानाशी वाजवून दाखवते आणि पोरी सांगतात, चिवडा, लाडू, शेंगदाणे. सगळ्या चुकल्या तरी शेवटी डबा उघडतात आणि काय आहे ते बघतात. एवढं लहान पोरींनाही कळतं. या शिकलेल्या माणसांनी डबा नुसता वाजवला, आत शुभाकाकूंची गाणी आहेत असं ठरवलं, आणि न उघडता निम्मा सांडून टाकला. हे मी गिरीशला तिथेच ऐकवलं. तो पुण्याचा, त्याच्याकडे भोंडला. खिरापत त्यालाही माहीत होती. त्याची मान खाली गेली.

"चल," मी म्हटलं. "उघड डबा. माझ्यासमोर."

दुपारी राधिकानं गाडी काढली आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. बेसमेंटमध्ये एका बाजूला कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल, दुसऱ्या बाजूला मंडळाच्या गणपतीचा चौरंग, अजून लाल कापडासकट, आणि शेजारी खोक्यात पॅक केलेली मूर्ती. आमच्याकडे तीच मूर्ती दर वर्षी याच बेसमेंटमध्ये बसते. उत्तरपूजा करायची, जागेवरून हलवायची, बादलीतलं पाणी शिंपडायचं आणि खोक्यात ठेवायची. सर्व्हर त्या खोक्याच्या पलीकडे घरघरत होता.

राधिका खुर्चीत बसली आणि तिनं आत काय काय किती जागा खातंय ते एकेक बघायला सुरुवात केली. सुलभाची उरलेली गाणी एवढीशी निघाली. पिकनिकचे फोटो त्याहून जास्त होते. मग ती थांबली.

"गिरीश, हा टेम्प फोल्डर बघ. टेम्पररी फाइल्स, तात्पुरत्या ठेवून टाकून द्यायच्या. पूर्ण डिस्क यानं खाल्लीय."

"टेम्पमध्ये काय असणार?"

तिनं एक फाइल उघडली. फोटो होता. लाल कापड घातलेला रिकामा चौरंग, त्यावर सुकलेली दुर्वा. दुसरी उघडली. तोच चौरंग, तीच दुर्वा. तिसरी, चौथी, मधूनच कुठलीही. सगळीकडे रिकामा चौरंग. मग तिनं सगळ्यात ताजी उघडली. त्यात चौरंगाच्या शेजारी कोणीतरी बाई पाठमोरी उभी होती, निळ्या साडीवर करड्या स्वेटरात.

ती मी होते.

मी मागे वळून बघितलं. फळीवर एक छोटा कॅमेरा चौरंगाकडे तोंड करून बसला होता आणि त्याचा दिवा चालू होता.

मग सगळं गिरीशच्याच तोंडून बाहेर आलं. भारतातल्या आईवडिलांना इथल्या गणपतीचं घरबसल्या दर्शन व्हावं म्हणून हा कॅमेरा लावला होता. दर थोड्या सेकंदांनी तो एक फोटो काढून सर्व्हरवर टाकायचा. दर्शनाचं पान कोणी उघडलं की ताजा फोटो दिसायचा आणि जुने पुसले जायचे. अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली, पुनरागमनाय च म्हणून झालं, सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले, आणि गिरीशनं वेबसाइटवरून दर्शनाचं पान काढून टाकलं. पुसणारं पान गेलं. काढणारा कॅमेरा राहिला. गणपती खोक्यात गेल्यापासून तो रिकाम्या चौरंगाचे फोटो काढत बसला होता, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून यांनी माझी सुलभा पुसली.

"बंद करायचा राहिला," गिरीश म्हणाला.

"पुसलेली गाणी परत येतात का?" मी राधिकाला विचारलं.

तिनं बराच वेळ खटपट केली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "आई, पुसलेलं लगेच शोधलं तर कधीकधी मिळतं. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं."

"आणि काय लिहिलं गेलं?"

 पडद्यावर चौरंग होताच.

मी गिरीशला मनोहरना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. सगळं ऐकून ते म्हणाले, "शुभाताई, झालं ते झालं. पोरं वेळात वेळ काढून करतात हो हे."

"मेल पाठवा."

"कसला?"

"पहिला पाठवलात तसलाच. कॅमेरा बंद करायचा राहिला, आणि न बघता एका गेलेल्या बाईची गाणी पुसली, असा."

"इतकं शब्दशः नको ना. मंडळाचं नाव खराब होतं."

"माझं करताना बरे शब्द सापडले तुम्हाला."

त्यांनी नंतर मेल पाठवला. 'तांत्रिक अडचण दूर झाली आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद.' मी कोणाशी सहकार्य केलं नव्हतं. त्या वर्षीच्या कोजागिरीला मी गेले नाही, आणि नंतरही मनोहर समोर आले की मी दुसऱ्या रांगेत बसते.

पण ते पुढचं. त्या दुपारी फोन ठेवल्यावर राधिकानं कॅमेऱ्याची वायर काढली आणि टेम्प फोल्डर रिकामा केला. उरलेली गाणी तिनं दोन सीडींवर उतरवली आणि दोन्ही माझ्या पर्समध्ये घातल्या.

"आता जागा झाली का रे?" मी गिरीशला विचारलं.

"भरपूर झाली, काकू."

"मग माईक आण."

त्याला आधी कळलं नाही. राधिकाला कळलं. तिनं पुसलेल्या गाण्यांची नावं पडद्यावर काढली. मला त्याची गरज नव्हती. प्रत्येक गाण्याची प्रत्येक ओळ मला येते. सुलभा सासूवरच्या गाण्यात कोणत्या शब्दावर हळूच आवाज चढवायची, कुठे श्वास घ्यायची, ते सगळं येतं. आवाज तेवढा येत नाही.

"काकू, चहा टाकू का आधी?" गिरीश म्हणाला.

"चहा नको. इथे बस, आणि टाळ्या दे."

तो चौरंगाशेजारी जमिनीवर बसला. मी पहिलं गाणं सुरू केलं. राग इतका होता की कावळ्याचा आवाज आणखीच फाटला. गिरीशची टाळी दुसऱ्याच ओळीत चुकली. मी थांबले.

"पुन्हा पहिल्यापासून," मी राधिकाला म्हटलं. "हे पूस. हे पुसलं तरी चालेल."

तिनं पुसलं. मी पुन्हा सुरू केलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या हातांचे तळवे लाल झाले होते, आणि मी त्याला एकदाही पुरे म्हटलं नाही.