मैत्रीची सातवी दुर्बीण

मांडव्याहून सुटलेल्या बोटीत मैत्री आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसून राहिली. दुर्बीण घालायची म्हणून सकाळपासून तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी तिने थंड पेय समजून कॉस्टिक सोड्याचं पाणी तोंडाला लावलं होतं. एका घोटात अन्ननलिका भाजली आणि जखम भरताना आक्रसली. तेव्हापासून मुंबईच्या इस्पितळात भूल द्यायची, तोंडातून दुर्बीण आत घालायची, फुगा फुगवून नळी रुंद करायची. काही दिवसांत ती पुन्हा आवळायची. आजची ही सातवी खेप. आठ वर्षांची पोरगी पेजेवर जगत होती.

तुंबलेल्या मोरीसाठी ते पाणी तिच्या आईनेच, भावनाने, कामाच्या बंगल्यावरून आणलं होतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून. बाटली माठाशेजारी ठेवली आणि विसरली. नवऱ्याला, प्रथमेशला, मात्र तिने सांगितलं, “वर फळीवर ठेवलेली. बजावूनसुद्धा पोरीनं चोरून काढली.” तो तेच सगळ्यांना सांगत होता. आता भावनाला ते मागे घेता येत नव्हतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात मैत्रीने चौकट धरली. नर्स एकेक बोट सोडवू लागली.

“आई, आता परत चोरणार न्हाय मी! सांग ना त्यांना, शिक्षा बास झाली म्हणून!”

भावना तिच्यापुढे खाली बसली.

“ही शिक्षा न्हाय गं. तू काय चोरलं न्हाईस. बाटली माठाजवळच होती. मीच ठेवलेली. मी खोटं बोलले.”

मैत्री तिच्याकडे बघत राहिली. मग चौकट सोडून एकटीच आत गेली. दर वेळी ती दारातून मागे वळून बघायची. आज वळली नाही.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. “नळी थोडी मोकळी झाली आहे. तीन आठवड्यांनी परत या.”

“अजून किती वेळा?”

“आत्ता नाही सांगता येणार.”

भावनाने तिथूनच प्रथमेशला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“पोर कशी हाय?” त्याने एवढंच विचारलं.

“झोपलीय.”

त्याने फोन ठेवला. भावना मैत्रीच्या खाटेजवळ जाऊन बसली. तिला पोरीचा हात धरायचा होता, पण धरवेना. पोर जागी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.