समर्थचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना, उन्हाने विटलेला फ्लेक्स आहे. उल्हासनगरच्या एका छापखान्यात घाईघाईत माझा जन्म झाला. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या नऊ वर्षांच्या समर्थचा शेजाऱ्याने गळा दाबून खून केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वर चार पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, मधे लाल अक्षरांत ‘नराधमाला फाशी द्या’, आणि कोपऱ्यात वीतभर समर्थ. हसताना पुढाऱ्यांना लाज वाटली नाही. मला वाटली.

चौकात माझ्याखाली मेणबत्त्या लागल्या, भाषणं झाली. समर्थचा बाप धर्मेश घसा बसेपर्यंत ‘फाशी, फाशी’ ओरडला. आई मनाली नुसती वर बघत राहायची. मग खटला रखडला, गर्दी आटली आणि गणपतीत माझ्या जागी दुसरा फ्लेक्स लागला. चामटोली गावच्या म्हाताऱ्या ठमाबाईने मला नेऊन पावसापासून झाकायला पेंढ्यावर अंथरलं. तीन पावसाळ्यांत लाल अक्षरं उडून गेली. समर्थ निळसर पडला, पण राहिला.

गेल्या महिन्यात निकाल लागला. जन्मठेप. सरकारने फाशीसाठी वरच्या कोर्टात जावं म्हणून धर्मेशने अर्ज लिहिला. मनाली सही करेना. तशातच माझा ठावठिकाणा कळला, म्हणून दोघं चामटोलीला आली.

“ने गो बाय,” ठमाबाई ओशाळली. “मना काय ठाव तुजा पोर हाय त्याव?”

मनालीने कात्री आणली होती. समर्थपुरता तुकडा कापत ती त्याच्या गळ्यापाशी आली आणि हात थांबला.

“नाही जमत.”

“पूर्णच नेऊ,” धर्मेश म्हणाला. “पण सही कर, मनू. तो तिकडे तुरुंगात भाकरी तोडतोय.”

“मला पण वाटतं तो मरावा. पण त्याच्या गळ्यात दोर बघायला गेले की समर्थचाच गळा दिसतो हो.”

“मला नाही दिसत.”

“मग तुम्ही करा सही. माझी मागू नका.”

धर्मेश खाली वाकला. त्याने माझी दोन टोकं उचलली, दोन तिने. चादरीसारखी घडी घातली, समर्थ वर ठेवून.

“आजी, पेंढ्याला ताडपत्री आणून देतो,” तो जाताना म्हणाला.

मित्रांनो, फाशी हवी की नको, हे मी प्लास्टिकने काय सांगावं? पण ज्यांचं लेकरू गेलं त्यांच्या तोंडात आपली घोषणा कोंबू नका. आणि चौक रिकामा झाला की, मला खाली उतरवाल तेव्हा, तो चेहरा आधी त्याच्या आईकडे पोचवा.