जावयाच्या गिटारची जवारी

अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. आणि तुला निघायचंय का, असं नारायणाला कुणी विचारत नाही.

अनीश साताऱ्याहून सांगलीच्या विश्रामबागेत सासुरवाडीला वाण घ्यायला आला होता. संध्याकाळी पाचगणीच्या एका हॉटेलात मालक त्याचं वादन ऐकणार होते. पसंत पडलं तर कायमचं काम आणि पतपेढीतल्या नोकरीला रामराम. म्हणून इलेक्ट्रिक गिटार सोबत होती. चहा घेताना, काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "सातव्या परद्यावर जरा खरखरते."

सासरे गंगाधररावांनी मिरजेत जन्मभर तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढलेल्या. म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी अशी घासायची, की तार तिच्यावर टेकून गुंजत राहिली पाहिजे. त्यांनी लगेच कानस काढली.

"नको बाबा, तुम्ही कशाला त्रास..."

"अहो जावईबापू, चांदीची वाटी काय, कुणीही देतं."

त्यांनी तारा उतरवल्या, लाकडाला चिकटपट्टी लावली, परद्यांच्या, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, माथ्यांवर मार्करची शाई फासली. शाई सगळीकडची सारखी निघाली, की परदे एका पातळीत. काम इतकं पद्धतशीर, की हरकत घ्यायला जागाच सापडेना. तेवढ्यात पानं वाढली.

"वाण देईपर्यंत पाटावरून उठायचं नाही हं," सासूबाई म्हणाल्या आणि अनारसे वाढले.

पडवीतून कानशीचा आवाज येत होता. अनीश बायकोच्या कानाला लागला. "सई, बाबांना सांग, घासून झालं की माथे परत गोल करायचे. सपाट राहिले तर तार त्यांच्यावर खरखरते."

"तू सांग."

"मला उठता येत नाहीये."

"आणि मला बोलता येत नाही. माहेर आहे माझं."

अनीश पाटावरूनच ओरडला, "बाबा, माथे गोल हवेत!"

"गोल कशाला? तारेला टेकायला जागा नको?"

अनारसा घशात अडकला. सासूबाईंनी पाणी दिलं आणि दुसरा वाढला.

वाण हाती पडलं तेव्हा गिटार तयार होती. परदे आरशासारखे चकचकीत, एका पातळीत आणि सगळे सपाट. अनीशनं एकेक परदा दाबून पाहिला. पूर्वी एकच खरखरायचा. आता कुणावर अन्याय राहिला नव्हता. आणि घासून गेलेला धातू काही परत चिकटत नाही.

"आता कशी बोलते!" गंगाधररावांचे डोळे भरून आले. "झाली ना मनासारखी?"

सासूबाई बघत होत्या. सई बघत होती.

"सुंदर," अनीश म्हणाला.

मग बाथरूममध्ये जाऊन, हॉटेलला ताप आल्याचं कळवावं म्हणून त्यानं फोन काढला. नंबर लागेना, आणि बाहेर येईपर्यंत गंगाधररावांनी कोट चढवला होता. एवढं काम केल्यावर ते ऐकायला नको?

गाडीत ते पुढे बसले, गिटार मांडीवर. इस्लामपूर मागे पडल्यावर त्यांनी प्रेमानं तार छेडली. ती बराच वेळ खरखरत राहिली.

"त्या हॉटेलवाल्याला जवारी कमी वाटली तर संकोच करू नका," ते म्हणाले. "कानस आणलीय बरोबर."