नाव झाकले, करंगळी राहिली

मी एक जुनी पेटी आहे. पण मित्रांनो, माझ्यात आजवर कुणी काही ठेवलेले नाही. मला झाकणच नाही. पुढे दुधी काच, मागे पत्रा, आत दोन ट्यूबलाइट आणि वरच्या कडेला चार चिमटे, एवढाच माझा संसार. एक्स-रेची काळी फिल्म माझ्या काचेवर अडकवून बटण दाबले, की तिच्यातली हाडे पांढरीशुभ्र दिसू लागतात. डॉक्टर मला व्ह्यू बॉक्स म्हणतात. सफाईच्या मावशी मला ‘दिव्याची काच’ म्हणतात आणि पुसताना नेमके कोपरे सोडतात.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी स्वभावाने भोचक आहे. काय करणार, माझा धंदाच आत डोकावण्याचा.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला बनवले, त्याने दिवे लावून बघताना आपला पंजा माझ्या काचेवर टेकवला. बोटांच्या कडा लालसर दिसल्या, बाकी काहीच नाही. माणूस आतून नुसता लाल असतो, असे मी तेव्हा समजून बसले. मग मी एका लहानशा दुमजली दवाखान्यात आले आणि पहिली फिल्म माझ्यावर चढली. अबब! केवढी ती हाडे! त्या दिवसापासून माझे कुतूहल काही थांबले नाही.

एका मुलीने गिळलेले बटण मी पाहिले आहे. चारही भोके मोजता येत होती. एका आजोबांच्या मांडीतली लोखंडी पट्टी पाहिली, तिचे स्क्रू अगदी माझ्या पाठीच्या स्क्रूंसारखे होते. रिकाम्या वेळी मी एक खेळ खेळत असे. हाडे बघून माणूस ओळखायचा. एक खांदा उतरलेला दिसला, की हा ओझी वाहत असणार. गुडघे झिजलेले दिसले, की ही बाई दिवसभर उकिडवी बसत असणार. माझे अंदाज बरोबर की चूक, हे सांगायला कुणीच नव्हते, त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होते.

तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात, बाकासमोरच्या भिंतीवर होते. तिथे उजेड कमी, त्यामुळे फिल्म छान दिसते, म्हणून मला तिथे लावलेले. बाकावरचे लोक माझ्याकडे टक लावून बघत. मला भारी मजा वाटायची. फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचे नाव छापलेले असते आणि तेही माझ्या उजेडात लख्ख दिसते. ते कुणी वाचत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या छातीची फिल्म माझ्यावर होती. फुप्फुसात डाग होता. बाकावर त्यांच्याच गल्लीतली एक शेजारीण बसली होती. तिने नाव वाचले, डाग बघितला आणि घरी पोचेपर्यंत गावभर केले. लोकांनी शिवायला टाकलेले कपडे न शिवताच परत नेले. डाग औषधाने बरा होणारा होता, पण त्या बाई पुन्हा दवाखान्यात आल्याच नाहीत. डॉक्टरबाईंनी दोनदा निरोप धाडला, तर घराला कुलूप. त्या आठवड्यात मला व्हरांड्यातून काढून आतल्या खोलीत, दाराआड लावण्यात आले. मित्रांनो, मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. उजेड माझाच होता ना!

पुढे मोठ्या दवाखान्यांत संगणक आले, तिथे एक्स-रे पडद्यावरच दिसू लागले. आमच्याकडे मात्र फिल्मच राहिली. माझी एक ट्यूब लुकलुकायला लागली. एक्स-रे काढणारे दादा माझ्या पत्र्यावर चापट मारून म्हणायचे, “चल गं म्हातारे, लाग एकदाची!” आणि मी लागायचे. अशाच एका सकाळी ते काका आले.

पन्नाशीचे असतील. उजवे मनगट डाव्या हाताने धरून आत आले. त्यांची फिल्म माझ्यावर चढली आणि मी बघतच राहिले. मनगटाजवळ हाड फुगलेले होते आणि आत पोकळ्या होत्या, साबणाचा फेस असतो ना, तशा.

डॉक्टरबाईंनी अगदी काचेजवळ येऊन फिल्म बघितली. मग म्हणाल्या, “काका, ही गाठ आहे. साधी असली तर खरवडून काढता येईल, हात वाचेल. वाईट असली तर मनगटाचं हाडच काढावं लागेल. मी अशा गाठी फार बघितलेल्या नाहीत. ज्यांनी बघितल्यात, त्यांना विचारते.”

“विचारा, जरूर विचारा,” काका म्हणाले. “पण बाई, हे बाहेर फुटायला नको. माझं पोट या हातावर आहे. हाताला काही झालंय असं नुसतं कानावर गेलं ना, तर उद्यापासून दुकानाची पायरी कुणी चढायचं नाही. माझ्या बायकोलाही मी अजून मुका मार लागलाय असंच सांगितलंय.”

“कुणाला कळणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते गेले आणि माझा खेळ सुरू झाला. कसले दुकान असेल बरे? मजबूत हाड, रुंद पंजा. सुतार! मी पैजेवर सांगितले असते. करंगळीचे शेवटचे पेर नव्हते. करवतीत गेले असणार. मी माझ्यावर एकदम खूश झाले.

दुसऱ्या शहरात एक नावाजलेले डॉक्टर होते. चाळीस वर्षे त्यांनी हाडांतल्या गाठीच बघितल्या होत्या. ते हाडांच्या डॉक्टरांच्या एका मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये होते. त्या ग्रुपवर फोटो टाकला, की तासाभरात उत्तर येते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. दादांनी फिल्मवरच्या नावावर पांढरा कागद चिकटवला आणि फोटो काढला. डॉक्टरबाईंनी तो मोठा करून बघितला आणि कपाळाला हात लावला.

“अहो दादा, नाव दिसतंय की!”

माझ्या उजेडाने पुन्हा घात केला होता. कागदातून अक्षरे आरपार दिसत होती. मी चोरट्यासारखी लुकलुकले. दादांनी कागद काढून काळी चिकटपट्टी लावली. वय, तारीख, दवाखान्याचे नाव, सगळे झाकले. दुसरा फोटो काढून डॉक्टरबाईंच्या फोनवर दिला. आता फक्त हाडे उरली. डॉक्टरबाईंचे बोट तो ग्रुपवर पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात मावशी फडके घेऊन आत आल्या.

मावशी म्हणजे आमच्या दवाखान्याचे वर्तमानपत्र. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “अगंबाई! सलूनवाल्या भाऊंचा हात! काय झालं त्यांना?”

डॉक्टरबाईंनी बोट मागे घेतले.

“तुम्हाला कसं कळलं?” दादांनी विचारले.

“ही करंगळी बघा की. अर्धीच आहे. लहानपणी दारात सापडली होती. कात्री धरली की ती अशी बाहेर राहते. सकाळी त्यांचं दुकान मीच झाडते, रोज बघते. आंधळासुद्धा ओळखेल!”

मी चाट पडले. सुतार कसला नि करवत कसली! इतकी वर्षे मी हाडांकडे बघत होते आणि मावशींनी फडके पिळता पिळता माणूस ओळखला. आणि मग मला काकांचे बोलणे नीट कळले. त्यांच्या हातात वस्तरा असतो. ज्याच्या मनगटात गाठ आहे, त्याच्यापुढे मान कोण करील?

“पण नाव तर झाकलंय,” दादा पुटपुटले.

“नाव झाकलं, हात उघडाच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “या ग्रुपमध्ये आपल्याच गावातले पाच डॉक्टर आहेत. त्यांतले दोघं तरी काकांकडेच केस कापतात. त्यांचे फोन टेबलावर पडलेले असतात, येणारा-जाणारा बघतो. मी काकांना शब्द देऊन अर्धा दिवस झाला नाही आणि बघा, काय करायला निघाले होते.”

त्यांनी ग्रुपचा नाद सोडला. त्या मोठ्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि फोटोतला फक्त मनगटाचा भाग कापून, त्यांना एकट्यालाच पाठवला. सोबत लिहिले, ‘पुरुष, पन्नाशी, उजव्या हाताने बारीक काम.’ सलूनचा उल्लेख नाही, गावाचा नाही. पहिले दोन्ही फोटो दादांच्या फोनमध्ये त्यांच्या मुलीच्या सहलीच्या फोटोंमध्ये जाऊन बसले होते. ते शोधून पुसून टाकायला लावले, स्वतःच्या फोनमधलाही पुसला.

दुपारी उत्तर आले. गाठ वाईट वाटत नाही, पण असेच हाड दुसऱ्या एका आजारातही दिसते, आणि त्याची खूण बोटांच्या हाडांवर उमटते. तेव्हा पूर्ण हात दाखवा.

झाले! आता काय करायचे? बोटे दाखवली तर करंगळी दिसते. नाही दाखवली, तर काकांचे मनगट उगाच कापले जाईल, नाहीतर खरा आजार तसाच राहील. माझा जीव टांगणीला लागला. दादा म्हणाले, “पाठवून देऊ या, एकच तर माणूस बघणार.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “हात आपला नाही, दादा. ज्याचा आहे त्याला बोलवा.”

दुसऱ्या दिवशी काका आले. डॉक्टरबाईंनी काहीही न लपवता सगळे सांगितले, मावशींनी ओळखले तेसुद्धा. काकांचा चेहरा उतरला.

“मावशींना? मग संपलंच की, बाई,” ते म्हणाले. “आता दवंडी पिटायची तेवढी राहिली.”

मावशी दारातच होत्या. त्यांना ते लागले असणार. पण त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, मी बोलते खूप. पण कुणाच्या पोटावर पाय येईल असं नाही बोलत.” काकांनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी काही ती मान हलली नाही.

मग ते माझ्यासमोर उभे राहिले. मित्रांनो, इतक्या वर्षांत हजारो लोकांचे हात माझ्यावर लागले, पण ज्याचा हात त्यालाच कुणी आधी विचारले, असे मी पहिल्यांदाच पाहत होते. काकांनी आपला पंजा फिल्मशेजारी धरला. एकदा हाताकडे बघितले, एकदा हाडांकडे.

“त्यांना सगळी बोटं लागतात का?” त्यांनी विचारले. “करंगळी लागेलच का?”

डॉक्टरबाई आणि दादा एकमेकांकडे बघू लागले. एवढा साधा प्रश्न दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आणि माझ्या तर नव्हताच नव्हता. लगेच फोन लागला. मोठे डॉक्टर म्हणाले, “अंगठ्याशेजारची दोन बोटं पुरेत. बाकी झाका खुशाल.”

दादांनी जाड काळा कागद कापला. तो करंगळीवर कसा बसवायचा, हे काकांनीच दाखवले. या वेळी फोटो काढल्यावर सगळ्यांनी तो मोठा करून बघितला. मावशींनाही बोलावले. डोळे बारीक करून, मान तिरपी करून त्यांनी बघितले आणि म्हणाल्या, “आता कुणाचाही असू शकतो.” तो फोटो गेला.

बोटांवर काही नव्हते. गाठीचा तुकडा काढून तपासला, तोही साधा निघाला. शस्त्रक्रिया झाली, पोकळी खरवडून भरली, मनगट वाचले. मोठ्या डॉक्टरांनी पुढे विचारले, हा फोटो माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला दाखवू का? काकांनी दोन दिवस मागून घेतले आणि होकार दिला, पण काळा कागद होता तसाच ठेवून. त्या शहरातले शिकाऊ डॉक्टर काकांच्या हाडावर शिकले. काका कोण, हे त्यांना ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. मला मात्र हे समजायला म्हातारपण यावे लागले.

काही महिन्यांनी काका शेवटच्या तपासणीला आले. तोवर दुकान पुन्हा सुरू झाले होते. त्यांची नवी फिल्म माझ्यावर होती आणि हाड छान भरून आले होते. दार थोडे उघडे राहिले होते. बाहेर बाकावरच्या एका गृहस्थाने काकांना आत जाताना बघितले होते. तो मावशींना म्हणाला, “अहो मावशी, सलूनवाला सारखा इथं येतो म्हणे. मध्ये महिनाभर दुकानही बंद होतं. हाताचं काही आहे का हो? तुम्हाला तर सगळं माहीत असतं. सांगा की, मी दाढीला त्याच्याकडेच जातो.”

आत काका मनगट धरून दगडासारखे बसले. डॉक्टरबाई दार लावायला उठल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. मी दोन्ही ट्यूब पणाला लावून ऐकू लागले. मावशींना सगळे माहीत होते. करंगळीपासून खरवडलेल्या हाडापर्यंत सगळे.

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“दवाखान्यात माणसं येतातच,” मावशी म्हणाल्या. “आता तुम्ही नाही का आलात? तुमचं काय दुखतंय, सांगू का मी उद्या दुकान झाडताना भाऊंना?”

फडके लादीवरून फिरू लागले. काकांनी मनगट धरलेला डावा हात काढून घेतला आणि दोन्ही पंजे मांडीवर मोकळे ठेवले. डोळे पुसले की काय, ते मला नीट दिसले नाही. माझ्या अंगावर तेव्हा त्यांची फिल्म होती.

मित्रांनो, कुतूहल वाईट नाही. मला अजूनही खूप आहे. हाड कसे भरते, गाठ कशी होते, सगळे बघा, सगळे विचारा. पण ज्या चित्रात माणूस आहे, ते चित्र पुढे धाडण्याआधी नुसते नाव झाकून थांबू नका. नावाशिवाय त्यात आणखी काय बोलते आहे, ते बघा. आणि ज्याचे ते चित्र आहे, तो माणूस जवळपासच असतो. आधी त्याला विचारा.