इथे चिखल नाही

टेरी हॅडफील्ड १९९४ साली आखातातल्या सित्र्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून आला, तेव्हा तो फुटबॉल खेळायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथे क्लार्क. त्याचे कागद टाइप करताना वाचलं: 'इंग्लंड, चौथं डिव्हिजन, मिडफिल्डर, चौदा वर्षं.' जेवणाच्या सुट्टीत मी ते शब्बीरच्या कानावर घातलं. शब्बीर आमचा वेल्डिंग फोरमन, दापोलीचा, आणि वर्कशॉपच्या टीमचा कॅप्टन. त्या टीमने तीन वर्षांत एकच मॅच जिंकली होती, तीही समोरच्यांची बस चुकली म्हणून.

शब्बीर हात न धुताच टेरीच्या केबिनमध्ये शिरला. मी मागोमाग.

"साहेब, आमच्यात खेळणार?"

"एकेचाळीस वर्षांचा आहे मी," टेरी म्हणाला. "आणि मोठा खेळाडू कधीच नव्हतो. नुसता धावायचो. पावसात, चिखलात, चार क्लबांसाठी. मग एक दिवस क्लबचं पत्र आलं, नको म्हणून. तेव्हापासून बॉलला पाय लावलेला नाही."

"इथे चिखल नाही," शब्बीर म्हणाला. "यल्ला, चला!"

शुक्रवारी तो खरंच आला, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. "पास दिला म्हणजे काम संपलं नाही, आता तू धाव!" एवढं एकच तो ओरडायचा. आम्ही धावलो. आणि काय गंमत, जिंकायला लागलो!

कंपन्यांच्या स्पर्धेच्या फायनलला शब्बीरची बायको अकीला उम्म अल हस्समच्या वस्तीतून शेजारणींना घेऊन आली. "टेरीभाई, धावा!" तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.

एक-एक. शेवटचं मिनिट. टेरीच्या पायातून बॉल गेला. दुसरा कुणी असता तर कमरेवर हात ठेवून उभा राहिला असता. टेरी उलटा धावला, बॉल हिसकावला आणि माझ्याकडे ढकलला.

"लतीफ, पळ!"

मी बॅक. जन्मात कधी मधली रेघ ओलांडली नव्हती. मला अडवायला कुणी आलंच नाही, एवढी माझी कीर्ती! मी डोळे मिटून बॉल मध्ये मारला. धापा टाकत पोचलेल्या टेरीच्या गुडघ्यावर तो आपटला आणि जाळ्यात गेला.

मग कुणी शुद्धीवर नव्हतं. टेरी हात पसरून मैदानाबाहेर पळाला, उभ्या बसेसना वळसा घालत, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. पुन्हा खेळ सुरू करायला रेफरीने शिट्टी फुंकली, तर आमच्या बाजूला गोलकीपरसुद्धा नाही! शेवटी रेफरीच हसत सुटला. "खलास! खलास!"

शब्बीरच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी अख्खी टीम कोंबली होती. टेरी बसेचना. सोफा आणि फ्रिजच्या मधल्या जागेत तो गोल करून दाखवायचा. तिसऱ्यांदा दाखवताना टेबललॅम्प फुटला.

"फुटू दे," अकीला म्हणाली. "पुन्हा दाखवा!"

पुढची चार वर्षं तो आमच्याकडून खेळला. पंचेचाळिशीतही शिफ्ट सुटली की आम्हाला बसमध्ये चढू द्यायचा नाही. कामगारांच्या कॅम्पपर्यंत पळत! पुढे तो, मागे आम्ही, हसून हसून पोटात कळा येईपर्यंत.